वार न्यायची का?

बाळंतपणाच्या त्या वॉर्डात माझं नाव ‘वारवाली बाई’ असं पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण भिंती पातळ होत्या आणि माझे कान तिखट. राग येत नसे, कामच तसं होतं माझं. सकाळी थर्मोकोलचा डबा घेऊन वॉर्डाच्या मागच्या दाराशी उभं राहायचं, बाळामागून पडलेली ताजी वार मिळाली की बर्फावर ठेवायची आणि रिक्षानं थेट आमचा संशोधनाचा विभाग गाठायचा. डब्यात काय आहे ते रिक्षावाल्याला कधी सांगितलं नाही. विचारलंच तर मासे म्हणायचे, आणि मग तो भाव विचारायचा.

दवाखान्याचं नाव घेत नाही, विभागाचंही नाही. त्यातली माणसं अजून आहेत. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणत होतो. टँकरची वर्षं होती. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि शहर तरी वाढतच होतं. पिण्याच्या पाण्यासाठी बायका हंडे घेऊन भांडत होत्या आणि त्यांच्या मागं नव्या इमारतींचे स्लॅब पडत होते. सिमेंटला पाणी कुठून मिळतं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतही तेच. एक बाटली शुद्ध पाणी गाळायला बादल्याच्या बादल्या पाणी नळीतून वाहून जायचं. ते वाहतं पाणी आम्ही पिंपात धरायचो आणि संध्याकाळी वसतिगृहातल्या मुली येऊन न्यायच्या. विज्ञानाचा समाजाला उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी हे पिंप दाखवायचे.

वार कुणालाच नको असते, असं शहरातल्या शिकलेल्यांना वाटतं. आमच्याकडं ती फार हवी असते. माझं माहेर करमाडचं, जालना रस्त्यावरचं. मायची सगळी बाळंतपणं घरात झाली आणि आम्हा भावंडांची वार तिनं न्हाणीच्या कोपऱ्यात पुरलेली आहे. वर रोज बाळाच्या अंघोळीचं पाणी पडावं, म्हणजे लेकरू टवटवीत राहतं, असं तिचं शास्त्र. वडील विहारात जाणारे, वाचणारे. अशा गोष्टींवरून ते तिला चिडवायचे. सगळं सोडलं आपण, हे तेवढं कशाला धरून बसलीस, म्हणायचे. ती म्हणायची, देव सोडले, माती कुठं सोडली? माझी निम्मी पोर न्हाणीत आहे, ती कुठंही गेली तरी निम्मी माझ्यापाशीच राहणार, असंही म्हणायची. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन हे ऐकायचे आणि हसायचे.

म्हणून वॉर्डात काम सुरू करताना मी एक अट घातली होती. प्रत्येक बाळंतिणीच्या माणसांना आधी विचारायचं, ‘वार न्यायची का?’ हो म्हणाले तर पिशवीत बांधून त्यांच्या हातात द्यायची. नाही म्हणाले तरच डब्यात. दुसरी अट अशी की डब्यावर नाव नको. कुणाची वार हे आम्हाला कळता कामा नये. तिथल्या आयामावशींनी, शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातल्या त्या, हे दोन्ही नियम इतके पाळले की डॉक्टरांचे तेवढे पाळले जात नव्हते.

सुरुवातीला आठवडाभर हात हलवत परतायचे. मग दुष्काळ वाढला आणि डबा भरायला लागला. बांधकामांवर राहणारी माणसं आली होती, सोयगावाकडची, कन्नडकडची, कुठकुठली. पत्र्याच्या खोपीत संसार, खाली दुसऱ्याची जमीन, वर दुसऱ्याची इमारत उठणार. मावशींनी विचारलं की ती माणसं एकमेकांकडं बघायची. एकदा एका सासूनं सांगितलं, ‘न्यायची होती, पण पुरायची कुठं बाई? इथं आमची जागाच नाय.’ मी मान हलवली आणि डबा बंद केला. माझं संशोधन त्या दोन वर्षांत जोरात चाललं ते असं. ज्यांची माती सुटली त्यांच्या जोरावर. हे मी प्रबंधाच्या आभारात लिहिलं नाही, कारण आभार कसे लिहितात ते ठरलेलं असतं.

आता वारेचं आम्ही करत काय होतो, तेही सांगते. अवघड नाही. पेशी एकीच्या दोन होतात, त्याआधी तिच्यातल्या डीएनएची पूर्ण नक्कल काढावी लागते. ती काढणारी एन्झाइमं असतात, त्यांना पॉलिमरेज म्हणतात. आमचे मार्गदर्शक सर जुन्या निजामी कचेरीतल्या घराण्यातले, ते त्याला नकलनवीस म्हणायचे. माणसाच्या पेशीतला नकलनवीस हवा तर माणसाचं मांस हवं, आणि कुणाला इजा न करता मिळणारं, भराभर वाढलेलं मांस म्हणजे वार. तिच्यात आईचा वाटा थोडा असतो, बाकी सगळी बाळाची. बाळ जिथून तयार होतं तिथूनच ती होते. हे पुस्तकात दोन ओळींत येतं आणि आपण पान उलटतो.

सरांचा सगळा जीव तेलात होता. पेशीत नुसतं पाणी नसतं, तिचे पडदे तेलाचे असतात, आणि त्यातून सुटलेले तेलाचे तुकडे आत फिरत असतात. ते नकलनवीसाला काय करतात, हा त्यांचा प्रश्न. सगळे तुकडे सारखे वागत नाहीत. तुपातले सरळ शेपटीचे तुकडे त्याला फारसा त्रास देत नाहीत. पण करडईच्या तेलात लिनोलिक नावाचं आम्ल असतं, त्याची शेपटी मध्येच वाकलेली. ते जाऊन नेमकं तिथं बसतं जिथं डीएनए यायला हवं. साहेबाच्या खुर्चीत रिकामटेकडा येऊन बसावा आणि उठूच नये, तसं. नक्कल थांबते.

करडई आमच्याच शेतातली होती. पाण्याशिवाय येणारं पीक, दुष्काळातही काटे काढून उभं राहणारं. मायनं घाण्यावरून काढून आणलेलं तेल मी विभागात नेऊन क्षार घालून शिजवायचे, त्यातून ते आम्ल वेगळं काढायचे आणि हवा लागून खवट होऊ नये म्हणून काचेच्या कुप्यांत बंद करून ठेवायचे. मायला वाटायचं मी तेलाचा साबण करते. एका अर्थानं करतच होते.

थांबते एवढं आम्ही दाखवलं होतं. माझ्या प्रबंधाचा प्रश्न त्यापुढचा होता. नकलनवीस मरतो, की नुसता अडतो? तेलाचा तुकडा उचलून बाजूला केला तर तो पुन्हा लिहायला लागेल का? तुकडे उचलायला आपल्या रक्तातच अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते नळीत घालून बघायचं होतं. पण त्यासाठी एन्झाइम अगदी स्वच्छ आणि दमदार लागतं, आणि आमचं दर वेळी कुठंतरी मार खायचं. कधी वार शिळी, कधी वीज गेली, कधी कोल्ड रूम गरम झाली. सर म्हणायचे, एक चांगली वार मिळू दे, काम होऊन जाईल.

त्यात मला दिवस गेले. नवरा शेंद्र्याच्या एका कंपनीत पाळीवर होता. आम्ही नव्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, जिथं टँकर आला की सगळा मजला खाली पळायचा. मीही पळायचे. मायनं सातव्या महिन्यात करमाडला नेण्याचा हट्ट धरला होता आणि न्हाणीतला कोपरा साफ करून ठेवला होता. मी म्हटलं, प्रयोग संपवून येते. प्रयोग संपले नाहीत, आणि साडेसातव्या महिन्यात एका पहाटे पोटात कळ आली ती थांबेना. ज्या वॉर्डाच्या मागच्या दारानं मी जायचे त्याच्या पुढच्या दारानं मला नेलं.

मुलगी झाली. रडली, पण बारीक. तिला काचेच्या पेटीत ठेवायला वरच्या मजल्यावर नेलं. मी तिला एकदाच पाहिलं, नर्सच्या हातावर, पुरती मावून जागा उरेल एवढी. नवरा तिच्याबरोबर वर गेला. आयामावशी माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, सगळं ठीक होणार. मी गुंगीत होते. ठीक होणार हे मला पटलं होतं.

मायला निरोप गेला तेव्हा ती शेतात होती. जालना रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, बस एका खणलेल्या चारीपाशी तासन्‌तास अडकून पडली, आणि ती दवाखान्यात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याच्या थोडंच आधी मुलगी गेली होती. नवऱ्यानं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं ते गाठोडं मायच्या हातात दिलं. ती रडली नाही. तिनं फडकं बाजूला करून नातीचा चेहरा पाहिला, पुन्हा झाकला आणि विचारलं, ‘वार कुठंय?’

कुणालाच कळेना. माय म्हणाली, लेकराबरोबर आलेली ती, लेकराबरोबरच गेली पाहिजे. उद्या सकाळी आपल्या बांधाला दोघींना एकत्र ठेवायचं, द्या. मग आयामावशींना बोलावलं. त्या पाळी संपवून घरी गेल्या होत्या, बातमी ऐकून परत आल्या होत्या. ‘बेटी, मैं सोची तुम्हारेच काम का हय,’ त्या म्हणाल्या. ‘बच्ची तो तब अच्छी थी ना. तो मैंच डब्बे में डाल के भेज दी.’

प्रत्येकीला विचारायचं, असा नियम मी केला होता. मला विचारायचं कुणाला सुचणार? ज्या बाईनं दोन वर्षं वारेसाठी दार धरलं तिला ‘वार न्यायची का’ म्हणून विचारणं मावशींना वेडेपणाच वाटला असणार. त्यांनी मायेनं केलं. त्यांच्यावर मला त्या दिवशीही रागावता आलं नाही आणि आजही येत नाही. राग होता तो दुसऱ्याच कुणावर तरी, आणि त्याला पत्ता नव्हता.

नवरा त्याच संध्याकाळी विभागात गेला. तिथं माझ्यामागून आलेली एक विद्यार्थिनी होती, सोयगावची, फार कष्टाळू. डबा सकाळी नेहमीसारखा बिननावाचा आला होता. मी बाळंत झाल्याचं तिला ठाऊक होतं, पण डब्याचा आणि त्याचा संबंध तिच्या डोक्यातही आला नाही. एवढी ताजी वार कधी आली नव्हती. ताईला आल्यावर आयतं एन्झाइम हातात देऊ म्हणून ती हरखून कामाला लागली होती. नवरा पोचला तेव्हा धुऊन, बारीक करून, मिक्सरमधून काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झालं होतं. उरलेला गाळ रोजच्यासारखा जाळायला भट्टीकडं गेला होता. वरचं पाणी तेवढं कोल्ड रूममध्ये होतं. नवऱ्यानं सांगितल्यावर पोरीनं हातमोजे काढून ठेवले. ते पाणी घेऊन काय करायचं, हे त्यालाही सुचलं नाही. सरांनी फोनवर सांगितलं की आता मध्येच सोडलं तर नुसतं नासेल, काम पुरं करून नीट गोठवून ठेवा, पुढचं ती आली की ठरवेल. त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तेच बरोबरही होतं.

मुलीला करमाडला आमच्या तुकड्याच्या बांधावर बोरीखाली ठेवलं. मी वॉर्डातच होते, मला हे नंतर कळलं. भावकीतल्या चौघांनी खड्डा बुजवायला घेतला तेव्हा मायनं त्यांचा हात धरला. पायथ्याकडची हातभर जागा तिनं मोकळी ठेवायला लावली आणि त्यावर एक चपटा धोंडा सरकवला. वार आली की तिथनं घालू, मग माती लोटू. माणसांनी समजावलं. ती म्हणाली, अर्धं लेकरू पुरत नसतात.

मला करमाडला आणलं तेव्हापासून मी हे रोज बघत होते. दुष्काळात कोल्हीकुत्री धीट होतात. पाणी नसतं, काही खायला नसतं, ती कुठलीही माती उकरतात. माय पहाटे उठून बांधावर जायची, धोंडा जागेवर आहे का बघायची, काटेरी फांद्या पुन्हा रचायची आणि मग येऊन माझं पोट बांधायची. मला दूध येत होतं. ते कुणाला सांगायचं? शरीराला बातमी पोचलेली नव्हती. मी न्हाणीत जाऊन पिळून टाकायचे, त्याच कोपऱ्यात, जो तिनं साफ करून ठेवला होता. त्या दुधातही तेच करडईचं आम्ल असतं, आपण खातो तेच उतरतं, हे मला ठाऊक होतं. इतकं ठाऊक असण्याचा मला वीट आला होता.

माय रोज एकच विचारायची, कधी आणतीस? मी म्हणायचे, आता ती वार राहिली नाही, माय, तिचं पाणी झालंय. ती म्हणायची, जेवढी असल तेवढी आण. एक दिवस ती म्हणाली, ‘तो धोंडा मी किती दिस राखू? मी म्हातारी हाय. कधी झोप लागंल अन् कुत्रं येईल.’ त्या दिवशी मी शहरात जायचं ठरवलं.

विभागात गेले तेव्हा सगळे हळू बोलत होते, ते मला असह्य झालं. सरांनी दार लावून घेतलं आणि सरळच सांगितलं. इतकं स्वच्छ एन्झाइम या प्रयोगशाळेत कधी निघालं नव्हतं. शीतकपाटात मूठभर नळ्या आहेत. सोयगावच्या पोरीनं वीज जाईल तेव्हा बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणून त्यांच्याभोवती लावला आहे, एक दिवसही चुकवला नाही. तुझा प्रश्न यात सुटेल. पण ते तुझं आहे, तू म्हणशील तसं.

मी म्हटलं, एकदा लावून बघते आणि उरलेलं घेऊन जाते. सर म्हणाले, एकदानं भागत नाही, तुला माहीत आहे. थोडं तरी ठेव. पुन्हा असं मिळणार नाही.

‘मलाही मिळणार नाही, सर,’ मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

प्रयोग मीच लावला. पोरगी म्हणाली, ताई, मी करते. मी तिला बाहेर पाठवलं. पहिल्या नळीत डीएनए, त्याचे सुटे मणी, आणि ते एन्झाइम. मण्यांतल्या एकाला खूण केलेली असते, म्हणजे नवी नक्कल किती झाली ते मोजणारं यंत्र शेवटी आकडा दाखवतं. दुसऱ्या नळीत हेच, पण वर करडईचं आम्ल. तिसऱ्या नळीत आम्ल घालून काही वेळानं अल्ब्युमिन. हे मी शंभरदा केलं होतं. दुसऱ्या नळीवर कुपी धरली आणि हात पुढं होईना. हे तेल आमच्या बांधावरचं, ती खाली झोपली आहे त्याच बांधावरचं, आणि मी ते तिचं काम थांबवायला घालणार. मूर्खपणा आहे हे कळत होतं. एन्झाइम म्हणजे मुलगी नव्हे. पण मुलीची दुसरी कुठली वस्तू या जगात उरली होती? एक झबलं नव्हतं, तिनं अंगात न घातलेली शिवून ठेवली होती तेवढीच. मी घातलं आम्ल. घातलं नसतं तर ती नळी उगाच वाया गेली असती, आणि तिचं काही वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

दुपारी यंत्रानं आकडे दिले. पहिल्या नळीत नक्कल जोरात झाली होती. कधीच बघितली नव्हती इतकी. जी मुलगी एक दिवससुद्धा पुरी जगली नाही तिच्या अंगातलं काहीतरी सकाळभर बसून लिहीत होतं. दुसऱ्या नळीत जवळजवळ काही नाही. तिसऱ्या नळीत पुन्हा सुरू झालेलं. तेल उचललं आणि ते जिथं थांबलं होतं तिथून पुढं लागलं. म्हणजे नकलनवीस मरत नाही, अडतो. माझ्या प्रबंधाचं उत्तर मिळालं होतं. मी खुर्चीवर बसले आणि मला इतका संताप आला की काचेचं काहीतरी फोडावंसं वाटलं. एवढंसं एन्झाइम, त्याच्यावरचं ओझं उचलायला सोय आहे, आणि तिच्यासाठी नव्हती. मग मी रडले. पोरगी दाराबाहेरच बसून होती, ती आत आली आणि शेजारी उभी राहिली.

तो निकाल मी प्रबंधात घातला नाही. एकदाच केलेला प्रयोग प्रबंधात चालतही नाही. पुढं दुसऱ्या वारेवर तेच पुन्हा करून दाखवलं, आकडे कमी आले पण उत्तर तेच आलं. पदवी मिळाली. आज मी ते शिकवते.

उरलेल्या नळ्या सरांनी स्वतः थर्मासमध्ये बर्फात घालून दिल्या. एकही मागं ठेवली नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं करमाडला निघाले. थर्मास मांडीवर. खिडकीतून रस्त्याच्या कडेला नुसती खणलेली माती आणि टँकरची रांग. कंडक्टरनं विचारलं, ताई, आइसक्रीम का? मी हो म्हटलं.

तो बांध आता नाही. पुढं तिकडची जमीन गेली, आमचा तुकडाही गेला, बोरीच्या जागी एका गोदामाची भिंत आहे. तेव्हा मात्र करडई काढून झाली होती आणि रान मोकळं पडलं होतं, भेगाळलेलं. माय धोंड्यापाशी वाट बघत बसली होती. मी थर्मास उघडून एक नळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उन्हाकडं धरली, हलवली.

‘हे तं पाणी हाय,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, पाण्यात तिचं एक काम करणारं आहे. अंगात एकाचे दोन करताना आतलं सगळं उतरवून काढणारं. दिसत नाही, पण असतं.

मायनं नळी पुन्हा बघितली. ‘आन् हे करतं काम? अजून?’

‘काल करत होतं. मी बघितलं.’

‘तू बघितलंस.’

‘हो.’

धोंडा सरकवून तिनं नळीचं झाकण उघडलं आणि थेंब थेंब आत सोडलं. माती इतकी कोरडी होती की ओल दिसायच्या आत गेली. मग दुसरी, मग तिसरी. मी झाकणं काढून देत होते आणि ती ओतत होती. शेवटची नळी ओतल्यावर ती उलटी धरूनच बसली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘म्हंजी कालपातूर होती ती.’

मी मातीवर पडलेली झाकणं गोळा केली.

‘मंग मला का नाय बोलावलंस गं?’ माय म्हणाली. ‘मला जित्ती बघायला मिळालीच नाय.’

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. मी दोन्ही हातांनी माती लोटली.